बोंडूंच्या दिवसांतला हिरवा पडदा

काजूचे बोंडू पिकले की आमच्या लाटंबार्सेत माणसांचे चेहरे उजळतात. सकाळी डिचोलीची बस पकडायला मी पायवाटेनं निघते तेव्हा दोन्ही अंगांना झाडांखाली पिवळा-तांबडा सडा असतो. कुणीतरी वाकून बोंडवांच्या बिया पिळून काढत असतं, आणि खालच्या बाजूला भट्टीचा धूर असतो. गोड, आंबूस, घशाला जरा खवखवणारा वास. बसमधले बाप्ये एकमेकांना "हुर्राक इली मरे?" असं, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू आली का, नुसत्या भुवया उडवून विचारतात. यंदाही विचारताहेत. आणि मी, चाळिशी ओलांडलेली, पणजीच्या एका सरकारी खात्यात कारकुनी करणारी बाई, बसच्या जनेलाला, म्हणजे खिडकीला, नाक लावून बसलेली असते. लोकांना त्या वासानं तहान लागते. मला गरम झालेल्या प्लॅस्टिकचा वास येतो आणि डोळ्यांपुढं एक गच्च हिरवा पडदा उभा राहतो.

गेल्या बोंडवांच्या दिवसांत तो पडदा आमच्या घरात आला.

त्याआधी बाबांचा हात गेला. शिगमो तोंडावर आला होता. बाबा सकाळी मागीलदारी दात घासत होते आणि त्यांच्या डाव्या हातातला तांब्या पडला. ते वाकून उचलायला गेले, परत पडला. तिसऱ्यांदा ते स्वतःच पडले. डिचोलीच्या इस्पितळातून घरी आणलं तेव्हा पाय ओढत का होईना चालत होते, बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. डावा हात मात्र नुसता खांद्याला टांगलेला. पुढं पुढं तो आवळायला लागला. मूठ मिटायची ती मिटूनच राहायची. नखं तळव्यात रुतायची म्हणून आई मुठीत जुन्या धोतराची गुंडाळी घालून ठेवायची. ती घालतानाही एकेक बोट उकलावं लागायचं, आणि बाबा दुसरीकडं बघत राहायचे.

हे बाबा कोण, तर दोडामार्गाकडून तरणेपणी खाणीवर आलेले, आणि माती उपसणाऱ्या मोठ्या मशीनवर उभा जन्म काढलेले. दोन हातांत दोन दांडे. उजव्यानं उचलायचं, डाव्यानं फिरवायचं आणि ओढायचं. खाणीवर लोक म्हणायचे, हा बकेटीनं अंडं उचलून दुसऱ्या टोपलीत ठेवील. खाणी बंद पडल्या तेव्हा गावातले किती बाप्ये रिकामे होऊन बलकांवात, घरापुढच्या बाकांच्या सोप्यात, बसले, पण बाबा बसले नाहीत. कुणाची विहीर खण, कुणाचा प्लॉट सपाट कर, करत राहिले. आता मात्र तेच बलकांवातल्या बाकावर बसले होते, मूठ मांडीवर ठेवून, खाली रस्त्यानं जाणाऱ्या बसेस बघत.

व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायची. हसतमुख, पण खोटं बोलणारी नव्हे. तिनं मला एकदा ओसरीवर बाजूला घेऊन सांगितलं, "हात चांगला आहे हो. हाडं चांगली, स्नायू चांगले. निरोप पोचत नाही एवढंच. तो आताच पोचवायला हवा. पाऊस लागेपर्यंत जेवढं येईल तेवढं खरं. मग हात असा आवळून बसला की बसला. आणि एक लक्षात ठेवा, धरणं लवकर येतं. सोडणं येत नाही." तिनं दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो उजव्या हातानं उचलून परसात भिरकावला. कुत्र्यानं परत आणून दिला, तर कुत्र्यावर उखडले. "मी काय लहान पोर काय?" एवढं एक वाक्य सबंध बोलायला त्यांना घाम फुटला. आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडली, मी मोरीत जाऊन रडले. आमच्याकडं रडायलाही अशा जागा वाटून घेतलेल्या.

मग सुदेश आला. सुदेश म्हणजे माझ्या आतेचा मुलगा, पेडण्याच्या बाजूला पार्सेला राहणारा. जमिनींची मोजणी करणाऱ्या एका खाजगी माणसाकडं कामाला आहे. बाबांचा भारी लाडका, कारण लहानपणी मे महिनाभर मामाच्या मशीनवर मांडीत बसून खाण बघितलेला. दर आयतारी मोटरसायकलनं यायचा. आजारी माणसाच्या समाचाराला येणारे बाकीचे लोक केळी आणि उसासे घेऊन यायचे, "काय होतो माणूस आणि काय झाला" असं बाबांच्या तोंडावर म्हणून चहा पिऊन जायचे. सुदेश पोदेराकडचे, पाववाल्याकडचे, गरम उंडे पाव घेऊन यायचा आणि आल्या आल्या ओरडायचा, "मामानू, उठा मगे, हापिसाक जावचा नाय?" एका आयतारी त्यानं बॅगेतून आपला हातात धरून खेळायचा संगणक काढला. मधे पडदा, दोन्ही बाजूंना मुठी, प्रत्येक मुठीवर एकेक छोटा दांडा. पगारातले पैसे साठवून घेतलेला त्याचा जीव की प्राण. त्यात माती उपसायच्या मशीनचा एक गेम होता. त्यानं तो चालू करून बाबांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांची मिटलेली मूठ उकलून डाव्या बाजूला बसवली.

पडद्यावर लाल माती होती. मशीन होतं, मागं ट्रक उभा. बाबांनी उजवा अंगठा हलवला तसा मशीनचा लांब हात वर गेला. मग बराच वेळ काही झालं नाही. मग डावा अंगठा... मी शपथेवर सांगते, तो हलला. भाताच्या दाण्याएवढा. मशीन किंचित वळलं. बाबांनी मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सुदेश म्हणाला, "ह्यो आता तुमचोच. माका कंटाळो इलो त्येचो." केवढं धादांत खोटं ते! कंटाळा आलेली वस्तू कुणी असं पुसून पुसून देतं काय?

आई त्याला पाटी म्हणायची. शाळेतल्या पाटीसारखी दिसते म्हणून. बाबा मशीनच म्हणायचे. सकाळची पेज झाली की "मशीन" म्हणून हात पुढं करायचे. चेंडू पाच वेळासुद्धा न दाबणारा माणूस मेजावर कोपर टेकून दुपारच्या जेवणापर्यंत माती उपसत बसायचा. गेमात डावीकडं मागच्या अंगाला एक बटण होतं. ते दाबून धरलं की बकेट मिटायची आणि माती आत यायची. सोडलं की बकेट उघडायची आणि माती ट्रकात पडायची. दाबणं बाबांना आठवड्याभरात जमलं. सोडणं जमेना. भरलेली बकेट ट्रकावर नेऊन ते थांबायचे. बोट उठायचं नाही. कपाळावर शीर उभी राहायची, ओठ वाकडे व्हायचे, आणि बकेट तशीच हवेत लोंबकळत. शेवटी ते उजव्या हातानं डावं बोट उचलायचे आणि माती पाडायचे. "पडना नाय," म्हणायचे. परत भरायचे. फिजिओथेरपिस्टनं बघितलं आणि म्हणाली, मला चेंडूनं जे साधलं नसतं ते हे साधतंय, हे बंद पडू देऊ नका.

आणि ते बंद पडलं. सोमवारी सकाळी. मी ऑफिसला जायच्या गडबडीत, आणि बलकांवातून बाबांची हाक. पडद्यावर आधी चित्र थरथरलं, मग वरपासून खालपर्यंत हिरवं. आवाज एकाच जागी अडकलेला, घर्र घर्र घर्र. बंद करून चालू केलं. सुरुवातीचा पडदा दिसला, सगळं शहाण्यासारखं. गेम उघडला, दोन बकेटा झाल्या आणि परत हिरवं. बाबांनी माझ्याकडं बघितलं. "बिघडला?" मी म्हटलं, "संध्याकाळी बघते हां." त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसात मी टायपिंग करते आणि प्रिंटर अडकला की त्याला थोपटते, एवढंच माझं संगणकशास्त्र. पण पणजीत दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी फोनवर शोधायला बसले आणि जगभरातले लोक त्याच हिरव्या पडद्यानं पिडलेले सापडले. बहुतेक सगळे पोरंसोरं, खेळ अडला म्हणून शिव्या देणारी. त्यांच्या शिव्यांतूनच मी शिकले. चित्र कसं काढायचं हे संगणक ठरवतो, पण तो हुकूम पडद्यापर्यंत नेणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. तो चुकीचा बसला की डोकं ठीक, पडदाही ठीक, आणि मधल्या मधे सगळं गळपटतं. हे मी दोनदा वाचलं. निरोप पोचत नाही एवढंच, असं ती मुलगी म्हणाली होती ना.

उपाय होता. चुकीचा ड्रायव्हर मुळापासून काढायचा, त्याचा मागमूस पुसायचा आणि कंपनीनं त्याच यंत्रासाठी बनवलेला नीट बसवायचा. पण आमच्या घरी नेट कुठलं! डोंगराच्या पोटात घर. फोनला रेंज मिळते ती बलकांवाच्या एका कोपऱ्यात, तीही माझ्या फोनला नाहीच. मग मी पणजीत ऑफिसमधल्या एका भल्या बाईच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तो पेनड्राइव्ह गळ्यातल्या साखळीत अडकवून बसनं घरी आणायची. हसू नका. पर्समधून एक हरवला होता, आणि त्या दिवशी डिचोलीच्या वाटेवरच मला रडू फुटलं होतं. शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "कोण गेला गो बाय?" मी काय सांगणार? ड्रायव्हर गेला?

संध्याकाळी चूल पेटायच्या वेळी मी मेजाशी बसायची, जुनं काढायची, नवं बसवायची. चालायचं! बाबा खूष. चार-पाच दिवस माती उपसली जायची. बोट सोडण्याची खटपट व्हायची. शनिवारी एकदा ते बोट स्वतःहून जरासं उचललं गेलं, माती सांडली, थोडी ट्रकात, थोडी बाहेर, आणि आम्ही दोघी मायलेकी लग्नात ओरडतात तशा ओरडलो. आयतारी सुदेश आला, त्यानं बघितलं, मामाची पाठ थोपटली. सोमवारी हिरवं.

परत काढा, परत बसवा. परत चार दिवस. परत सोमवारी हिरवं. मी सुदेशला सांगायची, अरे असं असं होतंय. तो हातात घ्यायचा आणि ते मेलं यंत्र त्याच्यासमोर सुतासारखं सरळ चालायचं. "ताय, तू उगीच घाबरतंस. बंद करून चालू कर, होतला." माझ्या तोंडाला फेस यायचा. त्याच्याकडं होतं तेव्हा म्हणे असं कधी झालं नव्हतं. मी मेमरीची सेटिंगं बदलली, पंख्याचा वेग वाढवला, वीज कमी घेईल असं केलं, पडद्याचा उजेड कमी केला, चार्जर दुसऱ्या भिंतीत लावला. आमच्याकडं विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून त्याला वीज देणारा बोर्डही बदलून घेतला. कुणीतरी लिहिलं होतं की उन्हाळ्यात तापतं, म्हणून मी ते ओल्या फडक्यावर ठेवलं. एकदा तर अशी चिडले की त्याला म्हटलं, "तुझं मढं गेलं! माझ्या बापाचा हात देतोस की नाही?" बाबांनी ऐकलं. मला वाटलं दुखावतील. ते हसले. वाकड्या ओठांनी, पण हसले.

हसण्यासारखं मात्र काही नव्हतं. बोंडू संपत आले होते. झाडांखालचा सडा पातळ झाला, भट्टीचा धूर कमी झाला, दुपारी डोंगरामागं ढग जमायला लागले. लोक ढगांकडं बघून "बरा, एकदाचो पडूंदे" म्हणायचे, आणि मी मनातल्या मनात त्या ढगांना हात जोडायची, अजून नको रे, अजून थोडं थांब. दर हिरव्या सोमवारी दोन-तीन दिवस वाया जायचे, आणि त्या दोन-तीन दिवसांत मूठ परत घट्ट व्हायची. आई गुंडाळी घालताना माझ्याकडं बघायची. मला माहीत होतं ती काय बघतेय. मी तिची शिकलेली मुलगी. मला एक पाटी दुरुस्त करता येत नव्हती.

आईनं स्वतःचा उपाय केला. मीठ-मिरच्या घेऊन पाटीवरून उतरल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, तशी ती म्हणाली, "बघ. दिष्टच ती. बाय, माका कळला कोणाची ती."

"कोणाची?"

"लोक येतत ना बघूक, त्यांचीच. आणि खरा सांगू? सुदेश इलो की दुसऱ्या दिसा मरता ती. मी कितीदा बघितलंय."

मी तिच्यावर ओरडले. आपल्या जिवाची वस्तू काढून देणारा पोर, त्याची दृष्ट? तोंडाला आवर घाल म्हटलं. ती गप्प बसली. पण आईचं गप्प बसणं म्हणजे ठरवणं असतं, हे मला कळायला हवं होतं.

पुढच्या आयतारी सुदेश उंड्यांची पिशवी घेऊन पायऱ्या चढला. बाबा बाकावर, मशीन मांडीवर. दोघांचं हसणं-खिदळणं मी आत चहा करताना ऐकत होते. बराच वेळ झाला. मग आई पदर खोचून बाहेर गेली आणि तिचा आवाज आला, शांत, "सुदेश, तू येव नको रे आता. तू येतंस आणि हयसर सगळा बिघडता. तुज्या मामाक हात येवचो आसा."

आमच्याकडं एखाद्याला शिवी दिली तर तो परत देतो आणि संपतं. पण तुझ्या नजरेनं बिघडतं असं घरच्या माणसाला उंबऱ्यावर म्हणणं, त्याला परतफेड नाही. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तो पायऱ्या उतरत होता. बाबा काहीतरी बोलायला बघत होते, शब्द जुळत नव्हते, उजवा हात हवेत. सुदेश खाली मोटरसायकलवर बसला, पण चालू करीना. तिथंच मान खाली घालून बसून राहिला, कितीतरी वेळ. मी "सुदेश, चहा" म्हटलं. त्यानं वर न बघता हात हलवला आणि गेला. उंडे बाकावर तसेच, गरम.

सोमवारी हिरवं. आई म्हणाली, "जाताना बघितल्यान."

तेव्हा माझा धीर सुटला. खरंच सुटला. मला वाटलं, असेल बाई दृष्टच. काय माहीत! सगळं करून झालंय, ढग रोज खाली उतरताहेत, बाबा भिंतीकडं तोंड करून झोपलेत. मी रजा टाकली, यंत्र पिशवीत घातलं आणि पणजीला एका दुरुस्तीच्या दुकानात निघाले. कंपनीला पाठवायला लागलं तर महिना जाईल हे माहीत होतं. बसमध्ये बसल्या बसल्या सवयीनं पेनड्राइव्ह लावून ड्रायव्हर परत नीट बसवला. तेवढं आता मला झोपेतही येत होतं. त्यामुळं दुकानात पोचेपर्यंत ते ठणठणीत. दुकानदारानं आपल्या नेटला जोडलं, गेम चालवला, "मॅडम, यात काय खराब आहे?" म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या पाया पडते, जरा चालू ठेवून बघा. त्यानं एका बाजूला ठेवून दिलं आणि इतर गिऱ्हाइकांकडं वळला. मी स्टुलावर बसून राहिले. पुष्कळ वेळानं त्याची नजर गेली, त्यानं ते बंद करून परत चालू केलं, गेम उघडला.

थरथर. हिरवं. घर्र घर्र.

"बिघडलं!" मी अशी ओरडले की दुकानातली माणसं वळली. लॉटरी लागल्यासारखी मी हसत होते आणि दुकानदार गोंधळून माझ्याकडं. पहिल्यांदाच ते परक्या माणसासमोर बिघडलं होतं. ना सुदेश, ना समाचाराची माणसं, ना आमच्या विजेचा दाब. मग इथं काय होतं जे घरी होतं? आणि तिथंच, स्टुलावर, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नेट. इथं त्यानं नेट जोडलं होतं. त्याच हंगामात एक नवा सर्वसाधारण ड्रायव्हर निघाला होता. नेट मिळालं की यंत्र आपणहून तो उतरवून घ्यायचं आणि पुढच्या वेळी चालू करताना माझा बसवलेला काढून टाकून आपला बसवायचं. कुणाला न विचारता, न सांगता.

पण आमच्या घरी नेट नाही. एका माणसाच्या खिशातलं सोडून. मोजणीच्या कामासाठी सुदेशच्या फोनवरचं नेट कायम वाटायला उघडं असायचं, आणि यंत्र मुळात त्याचं, त्या फोनची ओळख त्यात आधीचीच. तो बलकांवात आला की जुन्या धन्याची चाहूल लागलेल्या कुत्र्यासारखं ते गुपचूप जाऊन जोडलं जायचं. मामा-भाचे हसत असायचे आणि तिकडं निमूट सगळं उतरत असायचं. शेवटच्या आयतारी तर तो खाली रस्त्यावर मान घालून किती वेळ बसला होता, फोन खिशात ठेवून.

ड्रायव्हर आपोआप बदलायचे नाहीत, असं सांगणारं एक सेटिंग असतं. दुकानदारानं ते मला दाखवलं, मी स्वतःच्या हातानं केलं, आणि ड्रायव्हर परत बसवला. त्यानंतर आजपर्यंत एकदाही हिरवं झालेलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं. तिला नेट-बिट काही कळलं नाही, एवढंच कळलं की सुदेशच्या नजरेत काही नव्हतं. ती चुलीपुढं बसली ती उठेचना. "आता मी काय करू गो?" म्हणाली. "त्या झिलाक मी काय बोललंय."

पार्सेला मी गेले. आतेनं पाणी दिलं, चहा विचारला नाही. सुदेशनं सगळं ऐकून घेतलं, यंत्राचं कारण त्याला माझ्यापेक्षा पटकन कळलं, "अरे देवा" म्हणून कपाळावर हात मारून हसलाही. पण उठताना म्हणाला, "ताय, ता सगळा बरोबर. पण मामीन तशी म्हणूक नको होता." त्याचं खरंच होतं.

दोन दिवसांनी पाऊस लागला. माडांवरून, कौलांवरून, काजूच्या रिकाम्या झाडांवरून धो धो. गाव भिजत नाचत होतं आणि मी बलकांवात बसून बाबांच्या बोटाकडं बघत होते. पाऊस लागेपर्यंत येईल तेवढं खरं, असं ती म्हणाली होती. मशीन आता न थांबता चालत होतं, आणि बकेट ट्रकावर हवेत लोंबकळत होती. दहातून एकदा उघडायची. नऊदा नाही. मला त्या पावसाचा इतका राग आला, इतका, की मी उठून आत गेले आणि जनेल लावून घेतलं.

गणपतीच्या चवथीला सुदेश आला नाही. आईनं त्याच्या वाटणीच्या नेवऱ्या, करंज्या, डब्यात भरून ठेवल्या, त्या मऊ पडल्या, मग कावळ्यांना घातल्या. बाबांनी खोदायचं सोडलं नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणायची, अधूनमधून उशिरानंही येतं काही, पण आशा फार धरू नका. आम्ही धरली नाही. बाबांनी धरली की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त रोज पेज झाली की हात पुढं करायचे, "मशीन." दिवाळी गेली, काजूला मोहर आला. बाबांची पकड आता चांगलीच आली होती. तांब्या धरायचे, काठी धरायचे, आईचं मनगट धरून उठायचे. धरलेलं सुटायचं मात्र नाही. दर वेळी कुणीतरी जाऊन एकेक बोट उकलायचं.

आणि यंदाचे बोंडू पिकले. तोच वास, तोच धूर, माझ्या डोळ्यांपुढं तोच हिरवा पडदा. गेल्या आयतारी सकाळी खाली मोटरसायकल थांबली. वर कुणी येईना. मी डोकावून बघितलं तर सुदेश उंड्यांची पिशवी हँडलला लावून उभा, आणि मला बघून ओरडला, "ताय, फोन बंद केलंय हां! देवळाकडेच बंद करून इलंय!"

आई आतून धावत आली. ती काय म्हणेल याच्या भीतीनं मी खांबाला धरून उभी. ती पायऱ्यांच्या टोकाशी थांबली आणि म्हणाली, "बंद कित्याक केलंस मेल्या? चालू कर तो. तुजी आई फोन करीत तर तिका काय कळतला तू पोचलंस की नाय ता?" आणि वळून पदरानं डोळे पुसायला लागली. तो वर आला. चहा झाला, उंडे झाले, बाबांनी त्याला खोदलेली सगळी खाण दाखवली. दोघं तासभर माती उपसत होते आणि फोन चालू होता, आणि पडदा लालच्या लाल.

निघताना तो बाबांच्या पाया पडायला वाकला. बाबांनी त्याचा हात धरला. डाव्या हातानं. घट्ट धरला, आणि धरूनच राहिले. सुदेश अवघडून हसला. सवयीनं आई पुढं झाली, बोटं उकलायला.

"रव," बाबा म्हणाले. थांब.

आम्ही थांबलो. कपाळावर ती शीर उभी राहिली. ओठ वाकडे झाले. मला ट्रकावर लोंबकळणारी बकेट दिसली, आणि मी मनात म्हणत होते, पडूंदे, पडूंदे. आधी अंगठा उचलला. मग तर्जनी. मग बाकीची तिन्ही, एकेक, कुणी हात न लावता. तळवा उघडा पडला. त्यावर नखांचे जुने वण होते.

बाबांनी हात सोडला होता. सुदेशनं आपला हात तिथंच, त्या उघड्या तळव्यावर ठेवून दिला.